मुलांसाठीचं संगीत 'शाकुंतल', नाशिक: जा नक्की, पण आधी फोन करून विचारा की पेटी-तबला लाइव्ह आहे ना

रविवार सकाळ म्हणजे आमच्याकडे मिसळ, हे ठरलेलं. गेल्या रविवारी ती सोडून आम्ही चौघं गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मुलांसाठी बसवलेलं 'शाकुंतल' बघायला गेलो, संगीत नाटक, म्हणजे स्टेजवर उभं राहून खरंखुरं गाणारं. तेव्हापासून सोसायटीतल्या चार-पाच जणींनी विचारलं, कसं होतं, पैसे वसूल का, लहान मुलं बसतात का एवढा वेळ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. चौघं म्हणजे मी, सासूबाई, माझी ७ वर्षांची लेक आणि ११ वर्षांचा भाचा, ज्याचं क्रिकेट सोडून कशातच लक्ष नसतं आणि जो "मध्यंतरात बटाटावडा" ह्या एका अटीवर आला होता.

ग्रुपचं नाव इथे लिहीत नाहीये. खाली तक्रारी पण आहेत आणि ही मंडळी नोकऱ्या सांभाळून पदरचे पैसे घालून हे करतायत, त्यामुळे नाव घेऊन लिहायला मला बरं वाटत नाही. ज्यांना जायचंय त्यांनी मला वेगळं विचारा, सांगते.

आधी कामाचं सांगून टाकते. तिकीट मोठ्यांना २००, मुलांना १५०. वेळ साडेदहाची दिली होती, सुरू झालं ११ वाजून ५ मिनिटांनी, आणि लहान मुलांच्या कार्यक्रमाला ३५ मिनिटं उशीर म्हणजे फार होतो, मुलं तिथेच अर्धी दमतात. नाटक १ तास ४० मिनिटं, मध्ये १० मिनिटं मध्यंतर. खुर्च्या प्लास्टिकच्या, ७ वर्षांच्या मुलाला चौथ्या रांगेपासून पुढचं काही दिसत नाही, त्यामुळे पुढे सतरंजी टाकली होती तिथे मुलांना बसवा, तीच बेस्ट जागा आहे. पार्किंगचा त्रास नाही. वडा गरम होता.

आता मुख्य.

पडदा उघडला तर स्टेजवर सेट असा काही नाहीच. एक ऑर्गन, म्हणजे ती पायाने भाता मारायची पायपेटी, बाजूला तबला, मागे हिरव्या कापडाच्या दोन उभ्या पट्ट्या म्हणजे आश्रमाची झाडं, आणि पुढे सगळे कलाकार हात जोडून ओळीत उभे. नांदी, म्हणजे नाटक सुरू होण्याआधीची प्रार्थना. 'पंचतुंड नररुंडमालधर'. माइक नाही, काही नाही, नुसते सात-आठ गळे आणि ऑर्गन. ही नांदी अण्णासाहेब किर्लोस्करांनी ह्याच नाटकासाठी लिहिलेली, 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग पुण्याला आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० ला झाला तेव्हाची, आणि आजही नाटकाचा कुठला समारंभ असला की हीच म्हणतात. मी ती लहानपणापासून शंभरदा ऐकली असेल, पण प्रत्येक वेळी कुठल्या तरी स्पीकरमधून. दहा फुटांवरून माणसाच्या तोंडून ऐकली ती ह्याच रविवारी.

लेक माझ्या कानाशी आली, "आई, नररुंड म्हणजे?"

मला पटकन सांगता येईना, सासूबाई म्हणाल्या, "माणसांची मुंडकी. शंकराच्या गळ्यात त्यांची माळ असते."

"खरी मुंडकी?"

"हो, खरी."

आणि ती जी सरळ होऊन बसली ती बसलीच. एवढा अवघड संस्कृत समास, शाळेत दिला असता तर रडारड झाली असती, इथे एका प्रश्नात तिच्या खिशात गेला. मुलांसाठी म्हणून शब्द सोपे करायची आपल्याला फार घाई असते. ह्या मंडळींनी नांदी आहे तशी ठेवली हे त्यांनी केलेलं पहिलं उत्तम काम.

ज्यांना गोष्ट धड आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुष्यंत राजा शिकारीला येतो, कण्व ऋषींच्या आश्रमात शकुंतला भेटते, दोघं गांधर्व विवाह करतात, राजा अंगठी देऊन परत जातो. ती त्याच्याच विचारात बसलेली असताना दुर्वास येतात, तिला त्यांची हाक ऐकू जात नाही, ते शाप देतात की ज्याचा विचार करतेयस तो तुला विसरेल. अंगठी दाखवली तर आठवेल असा उःशाप मिळतो, आणि अंगठी पडते शचीतीर्थाच्या पाण्यात. पुढे मासा, कोळी, आणि शेवटी सिंहाच्या छाव्याचे दात मोजणारा छोटा भरत. आपण शालीमारला ज्या कालिदास कलामंदिरात नाटकं बघायला जातो त्या कालिदासाची ही गोष्ट, आणि माझ्या भाच्याला कालिदास म्हणजे फक्त हॉल माहीत होता. म्हणजे त्याची चूक नाही, आम्हीच कधी सांगितलं नाही.

पहिल्या अर्ध्या तासात जे बघितलं ते मी बरेच दिवस विसरणार नाही. भुंग्याचा प्रसंग आहे ना, शकुंतला झाडांना पाणी घालत असते आणि भुंगा तिच्या तोंडाभोवती फिरतो आणि राजा झाडामागून बघत असतो. हा भुंगा दाखवायचा कसा? काठीला लावलेला काळा गोळा, नाहीतर मागे स्क्रीनवर कार्टून, असंच कुणीही केलं असतं. ह्यांनी काहीच दाखवलं नाही. ऑर्गनवाल्या काकांनी एक सूर धरला, नुसता एक, भात्यावर पाय चालू आणि बोट उचलत नाहीत, तो गुणगुणणारा सूर हॉलभर, आणि शकुंतलेने त्या सुरावर गाता गाता मान फिरवायला सुरुवात केली. ती डावीकडे वळली की तान खाली यायची, उजवीकडे वळली की वर जायची, आणि मध्येच ती दचकली की तान तुटायची आणि तबल्यावर एक चापट. दीड मिनिट चाललं असेल. सतरंजीवरची सगळी पोरं भुंगा बघत होती. अक्षरशः माना फिरवत होती त्या नसलेल्या भुंग्याबरोबर! एक छोटा मुलगा उठून ओरडला "तिकडे गेला, तिकडे गेला" आणि दुष्यंताने झाडामागून बोट तोंडावर ठेवून त्याला गप्प केलं.

आता हे शास्त्रीय संगीतच झालं की. तान, सूर, लय, सगळं त्यात आलं. "आजकालच्या मुलांना शास्त्रीय संगीत कंटाळवाणं वाटतं" असं जे आपण सगळे म्हणतो, मी पण म्हणते, त्या मुलांनी हे दीड मिनिट श्वास रोखून ऐकलं, कारण त्यांना त्या तानेत काय चाललंय ते कळत होतं. गाणं गोष्टीचं काम करत होतं. किर्लोस्करांनी १८८० मध्ये जे केलं ते हेच ना, त्याआधी विष्णुदास भाव्यांच्या पद्धतीत, म्हणजे १८४३ च्या 'सीतास्वयंवर'पासून, पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्यावर अभिनय आणि उत्स्फूर्त बोलणं करायची, किर्लोस्करांनी पदं पात्रांच्या तोंडी दिली. ज्याला वाटतंय त्यानेच गायचं. आणि चाली पण नुसत्या रागदारीच्या नाहीत, साकी, दिंडी, लावणी, बायकांच्या गाण्यांच्या चाली, लोकांच्या कानात आधीच असलेल्या. तेव्हाचे प्रयोग रात्र रात्र चालायचे, पदांचा ढीग असायचा. ह्या ग्रुपने जुनी ७-८ पदं ठेवलीत, तीही एकेक कडव्याची, बाकी नवीन लिहिलीत, आणि हा मेळ बराच जमलाय.

सगळ्यात जमलाय तो शकुंतलेच्या पाठवणीत. मूळ नाटकात हा चौथा अंक, कण्व मुलीला सासरी पाठवतात, ती वेलीचा निरोप घेते, आणि ज्या हरणाच्या पाडसाला तिने वाढवलं ते तिचा पदर ओढतं. ह्यांनी तिथे चाल घेतली जात्यावरच्या ओवीची. ऑर्गन बंद. तबला बंद. कण्व झालेले काका खाली मांडी घालून बसले आणि हाताने नुसतं जातं फिरवल्यासारखं करत ओवी म्हणायला लागले, ऋषी, दाढी-जटा, आणि ओवी, मला आधी खटकलं, पण दुसऱ्या ओळीला सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांची आई पहाटे दळायची. पाडस म्हणजे एक ८-९ वर्षांची मुलगी, कपाळावर दोन ठिपके, बाकी काही मेकअप नाही, ती फक्त पदराचं टोक धरून उभी राहिली आणि सोडेना. शकुंतला दोन पावलं पुढे गेली की पदर ताणला जायचा. भाचा एकदम हळू म्हणाला, "सोडत नाहीये ती." एवढंच.

आणखी एक सांगायला हवं. मूळ अंकाच्या शेवटी कण्व म्हणतात की मुलगी म्हणजे परक्याचं धन, ठेव परत केल्यासारखं हलकं वाटतंय. ते ह्यांनी काढून टाकलं. शुद्धतावादी लोक नाराज होतील, मला विचाराल तर बरोबर केलं. समोर सतरंजीवर निम्म्या मुली बसल्या होत्या.

पण मग दुर्वासाच्या प्रसंगात ह्यांचाच हात का आखडला कळत नाही. हा प्रसंग मुलांसाठी सगळ्यात अवघड, कारण त्यात अन्याय आहे, सरळ सरळ. धुराचं मशीन लावलं होतं, ते जास्त झालं, पुढची मुलं खोकायला लागली, एक बाळ रडत बाहेर गेलं, ते सोडून देऊ, पुढच्या वेळी कमी करतील. दुर्वासांचं पद मात्र भारी होतं, खर्जात, एकदम कोरडं. शाप झाला आणि माझ्या लेकीने जरा मोठ्यानेच विचारलं, "पण तिची चूक काय? तिला ऐकू नाही आलं ना!"

अगदी बरोबर प्रश्न आहे हा. हजार-दीड हजार वर्षं लोक हाच विचारतायत. महाभारतात जी मूळ गोष्ट आहे त्यात शापही नाही आणि अंगठीही नाही, तिथे राजाला सगळं आठवत असतं आणि तो भर दरबारात मला आठवत नाही म्हणतो, आणि शकुंतला त्याला चांगलं खडसावते. शाप कालिदासाने आणला. म्हणजे राजाचा दोष काढून घेतला आणि बिचाऱ्या पोरीच्या एका क्षणाच्या तंद्रीवर टाकला, असं मला तरी वाटतं, पण नाटक म्हणून त्यातून केवढी गोष्ट उभी राहते हेही खरं. मुलांना त्या प्रश्नासकट घरी जाऊ द्यायचं ना. ह्यांनी काय केलं, सूत्रधार पुढे आला आणि म्हणाला, "म्हणून बालमित्रांनो, दारात पाहुणा आला की लगेच लक्ष द्यावं, मोबाईलमध्ये डोकं घालून बसू नये." मोठे हसले. लेक माझ्याकडे बघत राहिली, तिला उत्तर मिळालं नव्हतं, उलट शकुंतलेचीच चूक आहे असं कुणीतरी मोठ्या माणसाने स्टेजवरून सांगितलं होतं. हे वाक्य कृपा करून काढा. प्रयोगानंतर मी त्यांच्या दिग्दर्शक ताईंना हेच बोलले, त्यांनी नीट ऐकून घेतलं, म्हणाल्या पालकांना काहीतरी बोध हवा असतो हो. असेल. पण ज्या नाटकाने भुंगा न दाखवता मुलांना भुंगा दाखवला त्याने बोधासाठी एवढं घाबरायचं कारण नाही. भाच्याचा प्रश्न तर ह्याच्याही पुढचा होता, शाप तर मैत्रिणींनी ऐकला होता, अनसूया आणि प्रियंवदा, उःशाप त्यांनीच मिळवला, मग शकुंतलेला सांगितलं का नाही? मध्यंतरात वडा खाताना त्यावर आमचं दहा मिनिटं चाललं. सासूबाई म्हणाल्या तिला घोर नको म्हणून. भाचा म्हणाला, "मग अंगठी जपून ठेव एवढं तरी सांगायचं." निघताना त्या सांगतात, राजाने ओळखलं नाही तर अंगठी दाखव म्हणून, पण का ते सांगत नाहीत. ह्या मुलाने दहा मिनिटं सलग कशाबद्दल बोललेलं मी आयपीएल सोडून पहिल्यांदा ऐकलं.

मध्यंतरानंतर मात्र जे झालं ते मला खरंच दुखलं. दरबाराचा प्रसंग, नाटकाचा कणा, गर्भार शकुंतला राजासमोर उभी आहे आणि तो ओळखत नाही. आणि इथे अचानक रेकॉर्डेड ट्रॅक. भव्यपणा यावा म्हणून असेल, ढोल, सिंथेसायझर, कोरस, आणि शकुंतलेच्या कानाशी लावलेला तो काटकीसारखा माइक सुरू झाला, जो पदर घासला की खरखरत होता. ट्रॅक दोन मात्रा आधी सुरू झाला, ती बिचारी मागून धावत पकडायला गेली, आणि मग पूर्ण पद ट्रॅकच्या मागे फरफटत गेलं. तिला थांबायचं होतं एका जागी, दिसत होतं, "ओळखलं नाहीत?" नंतर श्वास घ्यायचा होता, पण ट्रॅक थांबत नाही ना. ऑर्गनवाले काका हात मांडीवर ठेवून बसले होते. ते थांबले असते तिच्यासाठी.

आणि मुलं? तीच मुलं, तीच सतरंजी. दोन मिनिटांत चुळबुळ, एक जण चिप्सचं पाकीट फोडतोय, दोघं उठून मागे पळतायत, माझी लेक विचारतेय कधी संपणार. आवाज आधीच्या तिप्पट होता तरी ऐकत कुणी नव्हतं. मला हे इतकं लख्ख कधी दिसलं नव्हतं. मोठा आवाज मुलांना बांधून ठेवतो हा आपला गैरसमज आहे. टीव्ही, मॉल, वाढदिवसाच्या पार्ट्या, गणपती, सगळीकडे तोच आवाज आहे त्यांच्या कानावर, ते त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकलेत. एक माणूस समोर उभा राहून त्यांच्यासाठी गातोय आणि त्यांच्याकडे बघून थांबतोय हे त्यांना नवीन आहे.

ज्या प्रसंगाने नाटक परत उभं राहिलं तो कोळ्याचा. मूळ नाटकात सहाव्या अंकाच्या सुरुवातीला आहे, छोटासा, शिपाई एका कोळ्याला चोर म्हणून पकडून आणतात, तो सांगतो की मी रोहू मासा कापला आणि त्याच्या पोटातून अंगठी निघाली, आणि ते त्याच्या धंद्याची टिंगल करतात तर तो उलट सुनावतो की जन्माने आलेला धंदा लोकांनी नावं ठेवली म्हणून सोडायचा नसतो. ह्यांनी त्या कोळ्याला नवीन पद दिलंय आणि त्याचं ध्रुवपद, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळी, मुलांना आधी शिकवलं. कोळी पुढे आला, बसला सतरंजीच्या कडेला, आणि म्हणाला जाळं एकट्याने ओढवत नाही, तुम्ही ओढा. दोन ओळी चार वेळा म्हणून घेतल्या. मग खरं मासेमारीचं जाळं, अख्खं, सतरंजीवरून पसरत गेलं आणि दीडशे मुलं ते धरून लयीत ओढतायत, गातायत, तबला परत सुरू, ऑर्गन परत सुरू, आणि जाळ्याच्या टोकाला कागदाचा एवढा मोठा रोहू. भाचा पहिल्या चारात होता ओढायला. अंगठी निघाली तेव्हा एका मुलीने विचारलं ही रामकुंडात पडली होती का, आणि त्या कोळ्याने पात्र न सोडता उत्तर दिलं, "नाही गं बाई, शचीतीर्थात. रामकुंडात पडली असती तर तिथल्या पोरांनी कधीच काढली असती." आख्खा हॉल हसला. ज्यांनी रामकुंडावर बुड्या मारून नाणी काढणारी पोरं बघितलीत त्यांना कळेल.

मुलांना गायला लावायचा हा प्रकार जगात जुना आहे. बेंजामिन ब्रिटन म्हणून इंग्लंडचे मोठे संगीतकार, त्यांनी १९४९ मध्ये मुलांसाठी एक ऑपेरा केला, त्यात पहिल्या भागात मुलं आणि मोठे मिळून ऑपेरा तयार करताना दाखवलेत, आणि प्रेक्षकांना चार गाणी तिथेच शिकवून पुढे खऱ्या ऑपेरात गायला लावलीत. नंतर १९५८ मध्ये नोहाच्या नावेच्या गोष्टीवर एक केला, चर्चमध्ये, प्राणी झालेली शाळेची मुलं आणि प्रार्थना म्हणायला सगळे जमलेले लोक. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीवरचा हुम्परडिंकचा ऑपेरा तर १८९३ चा, त्याची सुरुवात बहिणीने घरच्या मुलांसाठी चार गाणी मागितली तिथून झाली म्हणतात. मी हे व्हिडिओवर शोधून शोधून बघते, आणि प्रत्येक वेळी वाटतं आपल्याकडे तर हे सगळं तयार आहे, गोष्टी आहेत, पदं आहेत, गाणारे आहेत, फक्त मुलांपर्यंत नेणारं कुणी नाही. सासूबाई दादरच्या, त्यांनी लहानपणी सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरची बालनाट्यं बघितलीत, ते १९५९ मध्ये सुरू झालं, त्या अजून सांगतात स्टेजवरची चेटकीण कशी होती. साठ वर्षांपूर्वीची. हा परिणाम असतो.

आता शेवटचा प्रसंग, आणि ह्याच्यासाठी मी नाटकाला सगळं माफ करायला तयार आहे. भरत, म्हणजे सर्वदमन, सिंहाच्या छाव्याचं तोंड उघडून दात मोजतोय. छावा म्हणजे एक गुटगुटीत मुलगा, आळस देऊन तोंड उघडतो आणि भरत मोजायला लागतो, मुलं बरोबर मोजतात, हे सगळं छान झालंच. पण त्यानंतर तापसी, म्हणजे आश्रमातली तपस्विनी, त्याला गप्प करायला मातीचा मोर आणते आणि म्हणते, "शकुंतलावण्य बघ." म्हणजे शकुंत, पक्षी, त्याचं लावण्य. आणि पोरगं मोर सोडून इकडेतिकडे बघायला लागतं, "कुठेय माझी आई?" कारण त्याने त्यात आईचं नाव ऐकलं, शकुंतला. आणि झाडामागे उभ्या राजाच्या कानावर ते नाव पडतं. हा कालिदासाचा मूळ श्लेष, हे मी कॉलेजात संस्कृतच्या पेपरला मार्कांसाठी पाठ केलं होतं. मराठीत तो जसाच्या तसा चालतो हे मला रविवारी कळलं! त्यांनी आधीच पहिल्या प्रसंगात एका ओळीत पेरून ठेवलं होतं की तिला रानात पक्ष्यांनी सांभाळलं म्हणून नाव शकुंतला, शकुंत म्हणजे पक्षी. आणि तापसीने ते गाऊन म्हटलं, शकुंत आणि लावण्यच्या मध्ये इतकीशी फोड, की ऐकणाऱ्याने ठरवावं काय ऐकायचं. माझी लेक माझ्या मांडीवर हात आपटून म्हणाली, "आई! नाव! नाव आलं मध्ये!" तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ७ वर्षांची आहे.

राजा-राणीची भेट मग जरा गुंडाळली, वेळ संपत आला असणार. शेवटचं पद सगळ्यांनी मिळून, परत बिनमाइकचं.

कलाकारांबद्दल. शकुंतला झालेली मुलगी विशीची असेल, आवाज गोड आहे पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे शब्द स्वच्छ, एकेक अक्षर शेवटच्या रांगेपर्यंत. बालगंधर्वांनी १९०५ मध्ये हीच भूमिका करून सुरुवात केली होती, त्या नाटकात उभं राहायचं तर दडपण येत असेल, तिच्यात ते दिसलं नाही. दुष्यंत दिसायला चांगला, गाण्यात सूर लागायला वेळ घेतो. विदूषकाला रील्समधले डायलॉग दिलेत, ते मुलांना माहीत असतात म्हणून हशा येतो आणि तेवढ्यापुरताच येतो, कोळ्याच्या एका वाक्याला आला तसा नाही. ऑर्गनवाले काका सत्तरीचे, तबलजी त्यांचा नातू असावा, दोघं एकमेकांकडे बघत होते ते बघण्यासारखं होतं.

वय म्हणाल तर जाहिरातीत ५ वर्षांवरील लिहिलंय, मी म्हणेन ६-७ पासून पुढे. त्याहून लहान असेल तर कडेला बसा, दुर्वासाच्या वेळी बाहेर नेता येईल. जाण्याआधी अंगठी आणि माशाची गोष्ट घरी सांगून ठेवा, शापाची नका सांगू, तो तिथेच ऐकू द्या. पदांचे शब्द छापलेला एक कागद दारात द्यायला हवा होता, १० रुपये घेतले तरी लोक देतील, मुलं घरी येऊन दोनच ओळी परत परत म्हणतात आणि पुढचे शब्द आपल्यालाही येत नाहीत.

आणि एक मागणी, ह्या ग्रुपकडेच. हे नाशिक आहे. महाभारतातल्या गोष्टींवर जितेंद्र अभिषेकीबुवांच्या संगीतातली दोन मोठी नाटकं ज्यांनी लिहिली ते दोघंही ह्याच गावचे, वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' १९६४ चं आणि तात्यासाहेब शिरवाडकरांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं, 'ययाति आणि देवयानी' १९६६ चं. ती नाटकं आहेत तशी लहानांची नाहीत, मान्य. पण सत्यवतीची होडी, कच आणि संजीवनी विद्या, ह्या मूळ गोष्टी मुलांच्याच आहेत. कच राक्षसांकडून तीनदा मारला जातो आणि तीनदा जिवंत होतो, ह्याहून जास्त काय हवंय ११ वर्षांच्या मुलाला? तुमच्याकडे ओवी म्हणणारे कण्व आहेत, जाळं आहे, भुंगा करणारा ऑर्गन आहे. करा ना.

बुधवारी पुढच्या प्रयोगाची जाहिरात आली, तिसऱ्या रविवारी, त्याच हॉलमध्ये. आधी एका शाळेत झालेल्या प्रयोगाला ऑर्गनवाले काका येऊ शकले नव्हते म्हणून पूर्ण नाटक ट्रॅकवर केलं असं कळलं, आमच्या शेजारच्या त्या प्रयोगाला होत्या आणि त्यांची मुलं मध्यंतरात घरी गेली, त्या मला म्हणाल्या तू एवढं काय कौतुक करतेस. म्हणून मी बुकिंगच्या नंबरवर फोन करून तिकिटांच्या आधी एकच विचारलं, काका येणार आहेत ना. ताई म्हणाल्या येणारेत, आणि दरबाराच्या प्रसंगाला पण वाजवणारेत ह्या वेळी, ट्रॅक काढलाय. सहा तिकिटं घेतली. शेजारच्यांची दोन मुलं पण येतायत, पहिल्या रांगेत, सतरंजीवर.